एक नियमावली, अनेक शहरे: नगरविकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय: नागरी सेवांच्या संगणकीकरणात ‘प्रॉडक्ट लाइन’ पद्धत स्वीकारण्याबाबत

महोदय / महोदया,

मालमत्ता कराचे बिल मुंबईकरालाही येते आणि पुणेकरालाही. मुंबईत २०१० पासून हा कर भांडवली मूल्यावर आकारला जातो, पुण्यात वार्षिक करयोग्य रकमेवर. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून करमाफी आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. एवढे फरक असूनही मालमत्तेची नोंद, मोजमाप, आकारणी, हरकती, सुनावणी, बिल, भरणा आणि थकबाकीची वसुली ही साखळी दोन्ही शहरांत सारखीच आहे. नांदेडमध्येही तीच, सावंतवाडीतही तीच.

शहरांच्या कामकाजासाठी सॉफ्टवेअर घेताना सारखे काय आणि वेगळे काय हे आधी लिहून काढावे, आणि तो लेखी नकाशा शासनाच्या मालकीचा असावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. ती लहान वाटली तरी तिच्यामागे संगणकशास्त्रातला जवळपास पन्नास वर्षांचा विचार उभा आहे.

फरक येतात कुठून, हे आपल्या विभागाइतके कोणालाच ठाऊक नाही. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका अधिनियम आहे, बाकी महापालिकांसाठी १९४९ चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा. महापालिकेत प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडे. नगरपरिषदांतही पुन्हा अ, ब, क वर्ग. मोठ्या महापालिकेत नगररचना, अग्निशमन, उद्यान, पाणीपुरवठा अशी स्वतंत्र खाती असतात. छोट्या गावात यातली बरीच कामे एकाच अभियंत्याच्या टेबलावर येऊन पडतात. शिवाय १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि त्यातले १८ विषय शहरांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. म्हणजे शहरांनी काही बाबतीत वेगळे वागावे हे घटनेलाच अपेक्षित आहे.

तरीही संगणकीकरणाची वेळ आली की सहसा दोनच वाटा समोर येतात. पहिली वाट म्हणजे सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. ते मुंबई-पुण्याच्या मापाने बेतले, तर नगरपंचायतीला अस्तित्वात नसलेल्या खात्याची ‘मंजुरी’ घेतल्याची नोंद करावी लागते. छोट्या गावाच्या मापाने बेतले, तर मोठे शहर अर्धे काम पुन्हा कागदावर करते. दुसरी वाट नकलेची. एका शहरासाठी केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यासाठी उचलायचे, लागेल तिथे कोड बदलायचा, मग तिसऱ्यासाठी त्या नकलेची नक्कल करायची. पहिली दोन-तीन शहरे झटपट उभी राहतात. मग एखादा शासन निर्णय निघतो आणि प्रत्येक नक्कल स्वतंत्रपणे उघडून दुरुस्त करावी लागते. कोणत्या शहरात काय आणि का बदलले होते हे तोवर बदलणाऱ्यालाही आठवत नसते.

या कोंडीवरचा तोडगा संगणकशास्त्राने फार पूर्वी शोधला. १९७६ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी ‘प्रोग्रॅम फॅमिली’ म्हणजे प्रोग्रॅमच्या कुटुंबाची कल्पना मांडली. एकमेकांशी पुष्कळ साम्य असलेले प्रोग्रॅम करायचे असतील, तर आधी त्यांच्यातले साम्य अभ्यासावे आणि मगच एकेकाचे वेगळेपण पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी या विचाराला आकृतीचे रूप दिले. तिला ‘फीचर मॉडेल’ म्हणतात. कोणते वैशिष्ट्य प्रत्येकात असलेच पाहिजे, कोणते ऐच्छिक, कुठे अनेकांतून एकच निवडायचे आणि कोणती निवड केली की दुसरी सक्तीची किंवा निषिद्ध ठरते, हे सगळे त्या एका झाडासारख्या आकृतीत येते.

समान गाभा आणि लिहून ठेवलेले वेगळेपण यांच्या या पद्धतीला ‘प्रॉडक्ट लाइन’ म्हणतात. ती प्रत्यक्षात किती फरक पाडते, ते स्वीडनमध्ये दिसले. पुढे सेल्सियसटेक या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीकडे १९८५ च्या अखेरीस स्वीडन आणि डेन्मार्क या दोन्ही नौदलांची मोठी कामे एकदमच आली. युद्धनौकेवरची नियंत्रण प्रणाली दोन वेळा वेगवेगळी लिहिणे झेपणारे नव्हते. म्हणून कंपनीने जहाजांच्या एका कुटुंबासाठी एकच सामाईक गाभा बांधला आणि प्रत्येक नौदलाच्या गरजा त्यावर निवडीने बसवल्या. पुढे फिनलंडच्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जहाजांवरही तेच कुटुंब गेले. आधी अशा प्रणालीच्या खर्चात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे प्रमाण ३५ ला ६५ होते. नंतर ते ८० ला २० झाले. हार्डवेअर महागले नव्हते, सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा लिहिणे थांबले होते. पण त्यासाठी कंपनीला सुरुवातीची काही वर्षे भरपूर गुंतवणूक करावी लागली आणि कामाची अंतर्गत रचनाही बदलावी लागली.

रोजच्या वापरातले उदाहरण लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याचे आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हाच गाभा आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे संगणकही त्यावरच चालतात. दहा हजारांहून अधिक पर्यायांतून निवड करून हव्या त्या यंत्रासाठी हवी ती आवृत्ती तयार होते. कोणता पर्याय कशावर अवलंबून आहे हे एका ठरलेल्या भाषेत लिहिलेले असते, त्यामुळे न जुळणाऱ्या निवडी आधीच अडवल्या जातात.

हे लिहून ठेवणे का आवश्यक आहे, ते साध्या गणितातून कळते. समजा, बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेत एकमेकांपासून स्वतंत्र अशा ‘हो किंवा नाही’ स्वरूपाच्या ३३ जागा आहेत. त्यांतून तयार होऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या प्रक्रियांची संख्या ८५९ कोटींच्या घरात जाते. पृथ्वीवर तेवढी माणसेही नाहीत. एवढ्या शक्यता डोक्यात ठेवून कोणतेही शहर, कोणताही ठेकेदार किंवा विभाग काम करू शकत नाही. त्यांतल्या वैध किती, कायद्याला धरून किती आणि खरोखर हव्यात किती, हे नियमांनी बांधून यंत्राकडून तपासून घ्यावे लागते.

आता प्रश्न कार्यालयीन कामकाजाचा. सॉफ्टवेअरचे हे तंत्र अर्ज, टेबल, शेरा, मंजुरी, दाखला अशा प्रवाहाला लावता येते का? गेल्या दोन दशकांत ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’च्या संशोधकांनी नेमके हेच केले. त्यांच्यासमोर सॅप या कंपनीचे संदर्भ-नमुने होते: उद्योगांच्या कामकाजाच्या शेकडो तयार आकृत्या. अडचण अशी की, आकृतीतला कोणता भाग सक्तीचा आणि कोणता गाळता येतो हे आकृती सांगत नसे. मिखाएल रोझमन आणि विल व्हान डर आल्स्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अशा आकृतीवरच बदलाच्या जागा दाखवणारी भाषा सुचवली. त्या भाषेत एखाद्या टप्प्यावर ‘ठेवा’, ‘गाळा’ किंवा ‘प्रकरणागणिक ठरवा’ अशी खूण करता येते, आणि एका निवडीचा दुसरीवर काय परिणाम होतो तेही लिहिता येते.

याच संशोधनातून दोन गोष्टी पुढे आल्या आणि त्या आपल्या विभागाच्या थेट उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे प्रश्नावली. ऑस्ट्रेलियात मार्चेलो ला रोझा आणि सहकाऱ्यांनी अशी पद्धत बसवली की, काम जाणणाऱ्या माणसाने आकृतीला हातही लावायचा नाही. त्याच्या व्यवसायाच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि प्रक्रिया आपोआप आकार घेते. चित्रपटनिर्मितीच्या कामावर त्यांनी ती आजमावून पाहिली. आपल्याकडे हेच प्रश्न मराठीत असतील: ‘आपल्या हद्दीत स्वतंत्र अग्निशमन विभाग आहे का?’, ‘नगररचनाकाराचे पद भरलेले आहे का, की छाननी जिल्हा कार्यालयाकडे जाते?’ मुख्याधिकाऱ्यांना संगणकाची भाषा शिकावी लागणार नाही. त्यांच्या उत्तरांतून त्यांच्या नगरपरिषदेचा प्रवाह तयार होईल.

दुसरी गोष्ट तपासणीची. सॅपच्या ६०४ आकृत्या यंत्राने तपासल्या तेव्हा किमान ३४ आकृत्यांत चुका आढळल्या. काही ठिकाणी काम मध्येच अडकून पडेल अशी रचना होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुन्यांची ही स्थिती असेल, तर शहराशहरांत हाताने बदललेल्या प्रवाहांत काय दडले असेल याचा अंदाज करता येतो. ‘फाइल कुठेतरी अडकली आहे’ या वाक्याचे कारण कधीकधी कोणा माणसात नसते, प्रवाहाच्या चुकीच्या आखणीत असते. आणि अशी चूक प्रणाली सुरू करण्याआधीच पकडता येते.

नेदरलँड्सचा अनुभव आपल्या सर्वांत जवळचा आहे. २०१० च्या सुमारास तिथे चारशेहून अधिक नगरपालिका होत्या. सगळ्यांवर कायदे तेच, पण कामाची रीत प्रत्येकीची वेगळी. आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी जन्म, विवाह आणि मृत्यू यांसारख्या नोंदींच्या प्रक्रिया घेतल्या. नागरी नोंदणीच्या क्षेत्रातल्या राष्ट्रीय संघटनेचा प्रमाण नमुना आणि प्रत्यक्ष नगरपालिकांची कार्यपद्धती शेजारी ठेवून त्यांनी बदलता येण्याजोगी एकच प्रक्रिया बांधली. मग दहा नगरपालिकांना बरोबर घेऊन ‘कोसेलॉग’ हा प्रकल्प झाला. एकाच सामाईक सेवेतून प्रत्येक नगरपालिकेला तिची रीत देता येईल का, आणि त्यांच्या नोंदींवरून एकमेकींकडून काही शिकता येईल का, हा त्याचा विषय होता. १ ऑक्टोबर २०१० पासून तिथे बांधकाम, पाडकाम, वृक्षतोड अशा सुमारे पंचवीस परवानग्या एका अर्जात गोळा करणारा कायदा आला. पुढे पाच नगरपालिकांच्या बांधकाम परवानग्यांच्या नोंदी निनावी करून अभ्यासकांसाठी खुल्या केल्या गेल्या. त्यांवरून कोणत्या नगरपालिकेत कोणता टप्पा किती वेळ खातो, हे जगातला कोणीही अभ्यासक पाहू शकला. सामाईक गाभा असला की तुलनाही करता येते; प्रत्येकाचा प्रवाह स्वतंत्र असेल तर दोन शहरांच्या विलंबाची कारणे शेजारी ठेवायलाच जागा नसते.

आता आपल्याच विभागाकडे वळू. बांधकामाचे नियम एकेकाळी शहरागणिक वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या विभागाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. वास्तुविशारद तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. तिची रचना पाहावी. आधी सर्वांना समान नियम. मग दाट वस्तीचे क्षेत्र आणि त्याबाहेरचे क्षेत्र यांतला भेद, रस्त्याच्या रुंदीवर ठरणारे चटईक्षेत्र, लहान भूखंडांवरच्या कमी जोखमीच्या बांधकामांना सोपी वाट. आणि दहाव्या प्रकरणात खास त्या त्या शहरांसाठीचे नियम. समान गाभा, ठरलेले पर्याय, पर्यायांमधले परस्परसंबंध आणि नावानिशी नोंदवलेले स्थानिक अपवाद: प्रॉडक्ट लाइनचे चारही घटक या नियमावलीत आहेत. कायद्याच्या भाषेत जे जमले, ते कामकाजाच्या प्रवाहात आणि सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचे बाकी आहे.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही हाच आराखडा दिसतो. प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी, पहिला अपील अधिकारी, दुसरा अपील अधिकारी आणि ठरलेली मुदत असलीच पाहिजे. या चार जागा कोणत्याही शहराला गाळता येत नाहीत. त्या जागी कोण बसेल, एवढेच स्थानिक. सॉफ्टवेअरमध्ये हे बंधन यंत्राला समजेल असे लिहिले, तर अपील अधिकारी न नेमता सेवा सुरू करणे शक्यच होणार नाही. आज हे अधिकारी कोण, ते नागरिकाने फलकावर शोधायचे असते.

कायदा बदलतो तेव्हा या शिस्तीचा खरा उपयोग होतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. घटना २१ दिवसांत कळवायची, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी. वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली आणि तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. प्रक्रियेच्या नकाशात हा एका खुणेचा बदल आहे. ‘वर्षाहून अधिक विलंब’ या फांदीवर आदेश देणारा अधिकारी बदलतो, बाकी काहीच हलत नाही. गाभा एक असेल तर तो एका ठिकाणी, एकदाच करायचा. नकलांच्या जंगलात तोच बदल जितक्या नकला तितक्या वेळा करावा लागतो, आणि जिथे राहून जातो तिथला अर्जदार चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालतो.

साधने नाहीत असेही नाही. २००३ मध्ये नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी स्थापलेल्या ई-गव्हर्न्मेंट्स फाउंडेशनचा ‘डिजिट’ हा मुक्तस्रोत मंच देशात वापरात आहे. त्यात कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर करता येणाऱ्या कृती, त्या करणारी पदे आणि मुदती कोडमध्ये न गाडता वेगळ्या नोंदींत लिहिता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान जाहीर केले, आणि त्याच मंचावर आधारलेला ‘उपयोग’ हा मंच राष्ट्रीय नगर कार्य संस्थेने पुढे आणला. पण बदलाची सोय असणे आणि बदलाचा नकाशा असणे यांत मोठे अंतर आहे. नोंदी बदलता येतात म्हणून प्रत्येक शहराने आपापल्या मनाने बदलल्या, तर नकलांचेच जंगल नव्या ठिकाणी उगवते. कोणती जागा बदलता येते, कोणत्या कलमाच्या आधारे, आणि ती बदलली की आणखी काय बदलावे लागते, हे शासनानेच सांगायला हवे. ते सांगणे कोणत्याही मंचाचे काम नाही.

या मागणीवर तीन आक्षेप येतील आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला खर्चाचा. गाभा बांधायला सुरुवातीला जास्त वेळ आणि पैसा लागतो, हे सेल्सियसटेकलाही चुकले नाही. दोनच शहरे असती तर ही पद्धत सुचवण्यात अर्थ नव्हता. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत आणि नगरपरिषदा-नगरपंचायती मिळून शेकडो संस्था. इतक्या मोठ्या कुटुंबात सुरुवातीचा खर्च वाटला जातो.

दुसरा आक्षेप स्वायत्ततेचा. सामाईक गाभा म्हणजे मंत्रालयाचा हात शहरांच्या गळ्याशी, अशी भीती निवडून आलेल्या सदस्यांना वाटू शकते. म्हणूनच बदलाच्या जागा कोणत्या, हे ठरवताना शहरांचे प्रतिनिधी टेबलाशी असले पाहिजेत. आज स्थानिक वेगळेपण कोडच्या पोटात लपलेले असते, ते सभागृहालाही दिसत नाही. नकाशात ते नावानिशी दिसेल आणि सभागृह त्यावर ठराव करू शकेल. स्वायत्ततेला याने बळच मिळेल.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे: प्रत्येक सवयीला ‘पर्याय’ म्हणून मान्यता दिली, तर झाड इतके वाढेल की कोणालाच आवरणार नाही. म्हणून निकष कठोर हवा. फरकामागे कायदा, उपविधी, ठराव किंवा मनुष्यबळाची खरी स्थिती असेल तरच तो नकाशात यावा. ‘आमच्याकडे पूर्वीपासून असेच करतात’ एवढेच कारण असेल, तर तो टप्पा काढून टाकण्याची हीच संधी.

म्हणून आपल्या विभागाकडे चार नेमक्या मागण्या आहेत.

एक: सुरुवात बांधकाम परवानगीच्या एकाच सेवेपासून व्हावी. तिची नियमावली आधीच एकत्रित आहे आणि भूखंडधारकापासून विकासकापर्यंत सगळ्यांचे तिच्याकडे लक्ष असते. एक मोठी महापालिका, एक मध्यम महापालिका, एक ‘ब’ वर्ग नगरपरिषद आणि एक नगरपंचायत अशा चार वेगळ्या प्रकृतीच्या संस्था निवडाव्यात. अर्जापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचा त्यांचा प्रवाह कागदोपत्री कसा आहे एवढेच पाहू नये. कनिष्ठ अभियंता, लिपिक आणि खिडकीवरचा कर्मचारी प्रत्यक्षात तो कसा चालवतात, हेही त्यांच्यासोबत बसून उतरवावे.

दोन: त्यातून निघालेला समान गाभा आणि बदलाच्या जागांची यादी मराठीत, जाहीरपणे प्रसिद्ध व्हावी. प्रत्येक जागेसमोर कायद्याचे कलम, बदल करण्याचा अधिकार कोणाचा आणि शेवटचा बदल केव्हा झाला, हे लिहिलेले असावे.

तीन: यापुढच्या प्रत्येक निविदेत या नकाशाची मालकी शासनाची राहील, ठेकेदाराने शहरासाठी केलेला प्रत्येक बदल त्यात नोंदवलाच पाहिजे आणि प्रवाह सुरू होण्याआधी यंत्राकडून तपासला गेलाच पाहिजे, अशा अटी असाव्यात. ठेकेदार बदलला तरी शहराचे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाता कामा नये.

चार: या कामासाठी विभागात एक छोटा कायमस्वरूपी कक्ष असावा. त्यात नगररचना, विधी, माहिती तंत्रज्ञान आणि नगरपालिका प्रशासन या चारही बाजूंची माणसे हवीत. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रक्रिया-विश्लेषण शिकणारे विद्यार्थी आहेत. नेदरलँड्समध्ये विद्यापीठाने जी भूमिका बजावली ती इथे त्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना देता येईल. चारही संस्थांच्या परवानग्यांच्या नोंदी अर्जदारांची नावे वगळून त्यांना अभ्यासासाठी द्याव्यात आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत.

या चारांपैकी पहिल्या दोन मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही, नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. लागतो तो एक शासन निर्णय, निवडलेल्या चार संस्थांतल्या कर्मचाऱ्यांचा काही महिन्यांचा वेळ आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे नोंदवून घेण्याची तयारी. तो शासन निर्णय आपण काढावा, ही विनंती.

कळावे.

– एक नागरिक